मेल जातात, पण पोचत नाहीत: क्लायंटची यादी स्पॅममध्ये अडकली की मी काय आणि कुठल्या क्रमाने तपासते

छोट्या व्यावसायिकांच्या ईमेल याद्या सांभाळणं हे माझं काम. देवगडचे एक आंबा बागायतदार, एक पैठणीचं दुकान, दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या एक ताई, सह्याद्रीत ट्रेक काढणारा एक गट. धंदे वेगवेगळे, पण बिघाड एकच आणि तो पुन्हापुन्हा येतो. पाठवण्याच्या सेवेत, म्हणजे अख्ख्या यादीला एकदम मेल पाठवून देणाऱ्या ऑनलाइन सेवेत, 'सेंट' दिसतं, ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये मात्र काही नसतं. मेल स्पॅममध्ये पडलेला असतो, नाहीतर वाटेतच नाकारलेला असतो.

बागायतदाराला हे मार्चमध्ये कळतं, फराळवाल्या ताईंना दिवाळीच्या महिनाभर आधी. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो. हापूसच्या थेट विक्रीचे खरे दिवस दोन-अडीच महिन्यांचे. त्यातले पंधरा दिवस मेल अडकले तर ते नुकसान पुढच्या मोहोरापर्यंत भरून निघत नाही. म्हणून माझा क्रम इथे लिहून ठेवते: आधी फुकटातलं आणि पाच मिनिटांचं, मग वेळखाऊ, शेवटी खर्चाचं.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी तपासणी सुरू करा. दोन दिसली तर पुढचा कॅम्पेन आधी थांबवा.

– फक्त जीमेलच्या पत्त्यांवरचं उघडण्याचं आणि क्लिकचं प्रमाण एकदम खाली आलं, बाकीच्या पत्त्यांवर फरक नाही.
– ओळखीचे ग्राहक सांगतात, "तुमचा मेल स्पॅममध्ये सापडला."
– बाउन्सच्या, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेलच्या, अहवालात ५५० ५.१.१ हा कोड वाढला आहे. याचा अर्थ तो पत्ताच अस्तित्वात नाही.
– ५५० ५.७.२६ दिसतो. पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही म्हणून जीमेलने मेल घेतलाच नाही.
– ४२१ ने सुरू होणारे निरोप येतात. "आत्ता नको, जरा थांबून पाठवा" असं समोरचा सर्व्हर सांगतोय.
– पाठवण्याच्या सेवेकडून खात्याबद्दल इशारा आला आहे.
– मेलची सुरुवात 'प्रिय ?????' अशी होते.
– अनसबस्क्राइब केलेला माणूस चिडून फोन करतो: "तिसऱ्यांदा सांगतोय, नाव काढा."

शेवटचं लक्षण बरेच जण सौजन्याचा प्रश्न समजून माफी मागतात आणि सोडून देतात. माझ्या अनुभवात तेच सगळ्यांत मोलाचं लक्षण आहे. त्या एका फोनमागे काही न बोलता 'स्पॅम' दाबणारे किती असतील याचा विचार करा.

उघडण्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं, तेव्हापासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. उघडण्याची मोजणी चित्र उतरण्यावरूनच होते. माणसाने मेल पाहिला नाही तरी तो 'उघडला' असं नोंदलं जातं. फराळवाल्या ताईंचे बरेच ग्राहक अमेरिकेत आहेत आणि आयफोन वापरतात. त्यांच्या यादीत मेल कोणी वाचत नसतानाही आकडा छान दिसायचा. मी आता क्लिक, उत्तरं आणि प्रत्यक्ष ऑर्डरी बघते, आणि तेही जीमेल, याहू, आउटलुक असं वेगळं करून.

१. खरंच स्पॅममध्ये जातोय का?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. पाच चाचणी पत्ते तयार ठेवा: दोन जीमेलचे, एक आउटलुकचा, एक याहूचा, एक रेडिफमेलचा. यादी जुनी असेल तर रेडिफमेलचे पत्ते त्यात हमखास निघतात, म्हणून तो लागतोच. क्लायंटचा स्वतःचा पत्ता चाचणीला घेऊ नका. त्याने आपलेच मेल वर्षभर उघडलेले असतात, त्यामुळे त्याच्याकडे ते इनबॉक्समध्येच येणार. जीमेल प्रत्येकाच्या सवयीप्रमाणे निर्णय घेतं.

मेल 'प्रमोशन्स' या कप्प्यात सापडला तर बिघाड नाही. जाहिरातीचा मेल जाहिरातीच्या कप्प्यात गेला, एवढंच. तो कप्पा चुकवण्यासाठी युक्त्या करणाऱ्यांवर पैसे घालवू नका. मेल स्पॅममध्ये असेल किंवा कुठेच नसेल, तरच पुढे जा.

२. 'कडून' मध्ये कोणता पत्ता आहे?

ही तपासणी मिनिटभराची, पण इथेच निम्मं काम होऊन जातं. पाठवण्याच्या सेवेत पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून जीमेल डॉट कॉमचा किंवा याहूचा पत्ता घातलेला असेल तर मेल अडकणारच. याहूने २०१४ सालीच जगाला कळवलं की आमच्या नावाने दुसरीकडून निघालेला मेल नाकारा. गूगलनेही २०२४ च्या नव्या नियमांसोबत जीमेलच्या नावाने बाहेरून येणाऱ्या मेलबद्दल धोरण कडक केलं. यात शंका घेण्यासारखं काही नाही: तुमच्या नावाने दुसराच कोणी मेल पाठवत असेल तर तुम्हालाही तो अडवायलाच हवा असेल.

उपाय एकच, स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं व्यवसायाचं स्वतःचं नाव. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या घरातला खर्च. "माझं जीमेल सगळ्यांना पाठ आहे" असं क्लायंट म्हणतो. खरं आहे. मग उत्तरं त्याच जीमेलवर यावीत अशी सोय करून द्या. 'रिप्लाय टू' मध्ये तो पत्ता चालतो, 'कडून' मध्ये चालत नाही.

आणखी एक. काही जण साध्या जीमेलमधूनच 'बीसीसी' मध्ये शंभर-शंभर पत्ते टाकून पाठवतात. साध्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, वर्कस्पेसला, म्हणजे गूगलच्या व्यवसायांसाठीच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेला, २०००. शिवाय त्यात अनसबस्क्राइबची सोय नाही आणि बाउन्सची नोंदही नाही. ही पद्धत आजच बंद करा.

३. 'शो ओरिजिनल' मधल्या तीन ओळी

चाचणीसाठी आलेला मेल जीमेलमध्ये संगणकावर उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा, 'शो ओरिजिनल' निवडा. वर तीन नावं दिसतील: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. तिन्हींपुढे 'पास' हवं.

एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर: वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि ग्राहकाला 'कडून' मध्ये दिसणाऱ्या नावाशी या दोहोंपैकी काहीच जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं.

इथे नवशिका माणूस एका ठिकाणी फसतो. डीकेआयएमपुढे 'पास' असतं, पण त्याला लागून जे डोमेन लिहिलेलं असतं ते तुमच्या क्लायंटचं नसून पाठवण्याच्या सेवेचं असतं. मोहोर आहे, पण दुसऱ्याच्या अंगठीची. मग डीमार्कला ती उपयोगाची नाही. सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन क्लायंटच्या डोमेनची पडताळणी पुरी केली की हे सुटतं. 'पास' बघून खिडकी बंद करू नका, पुढचं डोमेन वाचा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. जीमेलसाठी मोठा म्हणजे दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणारा. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक, हॉटमेलसाठी असेच नियम लावले. "आमची यादी तर १८०० ची, आम्हाला कशाला?" हा प्रश्न मला दर महिन्याला ऐकू येतो. एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तर लहान पाठवणाऱ्यालाही जीमेलकडे लागतंच. मी प्रत्येक क्लायंटला तिन्ही लावूनच देते. तासाभराचं काम आहे.

४. डीएनएसच्या नोंदी: गेल्या वेळी नीट होतं, मग आता काय झालं?

तिसऱ्या तपासणीत काही नापास झालं तरच इथे या. डीएनएस म्हणजे डोमेनची जाहीर नोंदवही; एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिथेच लिहिलेले असतात. हा बिघाड परतून का येतो याचं एक कारण इथे सापडतं. मी सगळं लावून देते, हंगाम नीट जातो. पावसाळ्यात वेबसाइटवाला स्वस्तातल्या नव्या होस्टिंगवर साइट हलवतो. साइट दिसते, सगळे खूश. पण नेमसर्व्हर (ही नोंदवही ज्या सर्व्हरवर असते तो) बदलताना डीकेआयएमची नोंद जुन्या जागीच राहिलेली असते. मेल पाठवायची वेळ येते थेट मार्चमध्ये, तोवर कोणाच्या लक्षात येत नाही.

काय बघायचं:

एसपीएफची नोंद एकच हवी. एक वर्कस्पेसची, एक होस्टिंगची, एक पाठवण्याच्या सेवेची अशा वेगवेगळ्या नोंदी टाकलेल्या असतील तर तिन्ही फुकट जातात. त्या एका ओळीत एकत्र करायच्या. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांची मर्यादा १० आहे. त्यापुढे गेलं की अख्खी नोंदच चुकीची धरली जाते.

डीकेआयएमची लांब चावी अपुरी चिकटवलेली असू शकते. डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ अक्षरं मावतात, २०४८ बिटची चावी त्याहून लांब असते. काही होस्टिंगवाले तिचे तुकडे आपोआप करतात, काहींकडे ते हाताने करावे लागतात.

डोमेनचं नूतनीकरण झालंय का तेही बघून घ्या.

ओळखीची नसलेली नोंद उडवू नका. ती बिलिंगच्या सॉफ्टवेअरची असू शकते, आणि मग मेल सुधारताना इन्व्हॉइस बंद पडतील. काम झालं की सगळ्या नोंदींची प्रत तारखेसह एका कागदावर ठेवा आणि तोच कागद वेबसाइटवाल्यालाही द्या. पुढच्या वर्षी तुमचा अर्धा दिवस वाचेल.

इथे पहिली थांबण्याची जागा आहे. 'एमएक्स' नोंद (डोमेनवर येणारे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी) आणि नेमसर्व्हर यांना हात लावायची वेळ आली आणि त्यांचं काम तुम्हाला पूर्ण माहीत नसेल, तर थांबा. एमएक्स चुकली तर क्लायंटला येणारे मेलही बंद होतील. डोमेन पूर्वीच्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर असेल तर तो गुंता आधी क्लायंटने सोडवायचा, आपण मधे पडायचं नाही.

५. शेवटची एक्सेल फाइल कधी चढवली?

तांत्रिक सगळं 'पास' आहे आणि तरी मेल स्पॅममध्ये जातोय. बहुतेक वेळा आपण इथे येऊन पोचतो. इथे सावकाश काम करा, कारण खरा बिघाड यादीत असतो आणि यादीतली माणसं खरी असतात.

बागायतदाराचे हिशेबनीस दर वर्षी 'नवीन ग्राहक' नावाची फाइल पाठवतात. ती नवीन नसते. बिलांच्या वहीतून काढलेली सगळ्यांची असते: नवे, जुने, आणि गेल्या वर्षी 'मला मेल नको' म्हणालेलेही. ती फाइल सेवेत नवी यादी म्हणून चढवली की नको म्हणालेल्यांचा नकार पुसला जातो. कारण तो नकार जुन्या यादीत नोंदलेला असतो, नव्या यादीला त्याचा पत्ता नसतो. मग तो माणूस फोन करतो. फोन न करणारे स्पॅमचं बटण दाबतात.

माझा नियम: एका क्लायंटची एकच यादी. भाग पाडायचे ते टॅग लावून. नवी फाइल नेहमी त्याच यादीत मिसळायची, आणि त्याआधी नकार दिलेल्यांची यादी बाजूला काढून ताडून बघायची. दोन क्लायंटच्या याद्या कधीही, कोणत्याही कारणाने एकत्र करायच्या नाहीत. "पैठणी घेणाऱ्या बायका आंबेही घेतील" असं मला एकदा सुचवलं गेलं. घेतीलही. पण त्यांनी आपला पत्ता साडीच्या दुकानाला दिला होता, आंब्याच्या बागेला नाही.

फाइल चढवण्याआधी एवढं साफ करा:

– टंकनाच्या चुका: जीमेलच्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट, डॉट कॉमच्या जागी डॉट कॉन, याहू डॉट सीओ डॉट इन मधला एखादा ठिपका गायब. प्रदर्शनातल्या वहीवरून उतरवलेल्या पत्त्यांत हे हमखास असतं.
– एका खान्यात तिरकी रेघ मारून दोन पत्ते, पत्त्याच्या शेवटी रिकामी जागा.
– मराठी नावं असतील तर एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढू नका, 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. 'प्रिय ?????' येतं ते या एका चुकीमुळे. वीस वर्षं जुन्या ग्राहकाला स्वतःच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर तो मेल त्याला खोटाच वाटणार.

मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न: हा पत्ता कधी मिळाला, कुठे मिळाला, आणि देणाऱ्याला काय सांगितलं होतं? यासाठी फाइलमध्ये दोन जादा स्तंभ ठेवा, 'कुठून' आणि 'तारीख'. लकी ड्रॉच्या डब्यात टाकलेली व्हिजिटिंग कार्डं म्हणजे मेलची परवानगी नाही. सोसायटीच्या सभासदांची यादी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी, कोणाकडून 'मिळालेली' दहा हजार पत्त्यांची फाइल, यातलं काहीच चालत नाही. विकत घेतलेली यादी मी चढवत नाही. त्यावरून काम गेलं तरी चालेल.

आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्यात संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी असं म्हटलं आहे, आणि ती परत घेणंही देण्याइतकंच सोपं असावं. पत्ते क्लायंटच्या जबाबदारीचे, आपण त्याच्या वतीने ते हाताळणारे. म्हणून कोणती फाइल चढवायची हे क्लायंटकडून लेखी घ्या, मेलवर का असेना. ग्राहक अमेरिकेत असतील तर तिथल्या कायद्याप्रमाणे मेलमध्ये व्यवसायाचा टपालाचा पत्ता लागतो आणि नकार दहा कामकाजाच्या दिवसांत अमलात आणावा लागतो. गूगल-याहूचा नियम मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी त्याहून कडक आहे, दोन दिवस.

६. यादी किती शिळी आहे?

आंब्याची यादी वर्षातून एकदाच वापरली जाते. दहा महिने गप्प आणि मग एका दिवसात सगळ्यांना मेल. मेल सेवांच्या नजरेला हे डोमेन चोरीला गेल्यासारखं दिसतं. मधल्या काळात पत्तेही मरतात: नोकरी बदलली की ऑफिसचा पत्ता बंद. दोन वर्षं न वापरलेली गूगल खाती काढून टाकायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली, त्यामुळे जुन्या यादीत मेलेले जीमेलचे पत्तेही निघतात. काही सोडून दिलेले पत्ते पुढे स्पॅम पकडण्याचा सापळा म्हणून वापरले जातात. अशा पत्त्यावर मेल गेला की यादी साफ न ठेवणारा पाठवणारा म्हणून तुमची नोंद होते.

हार्ड बाउन्स, म्हणजे पत्ताच बंद असल्यासारख्या कायमच्या कारणाने परत आलेले मेल, दोन टक्क्यांच्या वर गेले की मी थांबते. सेवांच्या मर्यादाही जवळच असतात. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेत बाउन्स ५ टक्क्यांवर गेले की खातं तपासणीखाली येतं आणि १० टक्क्यांवर पाठवणंच थांबवलं जाऊ शकतं.

यादीचे तीन ढीग करा. वर्षभरात ज्यांनी ऑर्डर दिली किंवा क्लिक केलं ते पहिल्या ढिगात. एक ते तीन वर्षांपूर्वीचे दुसऱ्यात. त्याहून जुने तिसऱ्यात. आधी फक्त पहिल्या ढिगाला पाठवा, तेही एकदम नाही: एका दिवशी दोनशे, मग चारशे, मग आठशे. दुसऱ्या ढिगाला एकच साधा मेल, 'यंदाही आंब्याची खबर हवी का? हवी असेल तर इथे दाबा.' जे दाबतील ते राहतील. तिसऱ्या ढिगाला मेल पाठवू नका.

क्लायंटला हे सांगणं अवघड जातं. पाच हजारांची यादी पंधराशेवर आली की त्याला आपली वर्षांची कमाई गेल्यासारखी वाटते. ती भावना खोटी नाही, त्या नावांमागे त्याने उन्हात उभं राहून विकलेल्या पेट्या आहेत. मी त्याला गेल्या दोन वर्षांच्या ऑर्डरी काढून दाखवते, प्रत्येक ऑर्डर कोणत्या ढिगातून आली ते. बागायतदारांच्या बाबतीत तिसऱ्या ढिगातून एकही नव्हती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "काढा." जुनी नावं वेगळ्या फाइलमध्ये फोन नंबरांसह क्लायंटकडेच राहतात. फोन करायचा तर तो करू शकतो.

पुढच्या वर्षी हेच होऊ नये म्हणून हंगामाबाहेरही दीड-दोन महिन्यांनी एक छोटा मेल ठेवा. मोहोर कसा आलाय, अवकाळीने किती झडला, पहिली तोड कधी होईल. बागेचा एक फोटो आणि चार ओळी. लोक याला उत्तरं लिहितात, आणि त्या पत्त्याकडून येणारे मेल हवेसे आहेत याचा उत्तराइतका चांगला पुरावा मेल सेवेला दुसरा मिळत नाही.

७. मेलचा मजकूर

व्हॉट्सॲपला टाकलेलं पोस्टरच मेलमध्ये चिकटवून पाठवलं आहे का? अख्खा मेल म्हणजे एक चित्र असेल तर स्पॅमची शंका वाढते, आणि चित्रं बंद असलेल्याला काहीच दिसत नाही. पोस्टर का वापरलं विचारलं तर बहुधा उत्तर येतं की मजकूर श्रीलिपीत टाइप केला होता आणि मेलमध्ये तो वाचताच येत नव्हता. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पोस्टरची गरज उरत नाही.

मराठी मेलची एक खास अडचण आहे. मेलचा कोड साधारण १०२ केबीपेक्षा मोठा झाला की जीमेल तो खालून कापतं, आणि अनसबस्क्राइबची ओळ नेमकी खालीच असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एक. त्यात वर्डमधून मजकूर चिकटवला की त्याची अदृश्य सजावटही सोबत येते. साधा मजकूर म्हणून चिकटवा आणि अनसबस्क्राइब वरही द्या. लांबट दुवा आखूड करणाऱ्या सेवांचे दुवे टाळा, क्लायंटच्या डोमेनचाच दुवा द्या. आणि ती साइट स्वतः उघडून बघा, मोबाइलवरूनही. साइट हॅक होऊन भलतीकडे नेत असेल तर मेल कितीही नीट लिहिला तरी अडकेल.

८. तक्रारी किती?

गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे. क्लायंटच्या डोमेनची पडताळणी करा आणि स्पॅम तक्रारीचं प्रमाण बघा. ते ०.१ टक्क्याच्या खाली हवं, ०.३ वर कधीच जाऊ नये. हे आकडे लहान वाटतात म्हणून हिशेब करून बघा: इनबॉक्समध्ये पोचलेल्या १८०० मेलवर सहा जणांनी बटण दाबलं की तुम्ही ०.३ च्या वर. सहाच माणसं. अनसबस्क्राइब शोधून सापडलं नाही की माणूस स्पॅम दाबतो, म्हणून ती ओळ बारीक राखाडी अक्षरांत लपवू नका. एका दाबात बाहेर पडण्याची सोय सेवेत चालू आहे ना, तेही बघा. पाठवणं फार थोडं असेल तर या टूलमध्ये आकडेच दिसत नाहीत. मग पाचव्या आणि सहाव्या तपासणीवरच भर द्या.

९. काळ्या यादीत नाव आहे का?

स्पॅमहाउस ही संस्था स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या ठेवते. तिच्या साइटवर डोमेन आणि पाठवणारा आयपी पत्ता (मेल ज्या सर्व्हरवरून निघतो त्याचा क्रमांक) तपासा. आयपी सेवेचा सामायिक असेल तर तो प्रश्न सेवेचा, त्यांना कळवा. डोमेनच यादीत असेल तर आधी कारण दूर करा आणि मगच नाव काढायची विनंती करा. कारण तसंच ठेवून नाव काढलं तर ते परत चढतं, आणि दुसऱ्या वेळी काढणं जड जातं. स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही. पैसे मागणारा कोणी भेटला तर देऊ नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

– साइट हॅक झाली आहे. ती साफ होईपर्यंत एकही मेल पाठवू नका.
– डीमार्कच्या अहवालात तुम्हाला माहीत नसलेल्या सर्व्हरवरून क्लायंटच्या नावाने मेल निघताना दिसतात. डीमार्कचं धोरण लगेच 'रिजेक्ट' (न जुळणारा मेल नाकारा) वर नेऊ नका, आधी खरे सर्व्हर कोणते ते जाणकाराकडून ठरवून घ्या.
– एसपीएफची १० ची मर्यादा ओलांडली आहे आणि कोणती सेवा काढायची ते कळत नाही.
– काळ्या यादीतून काढलेलं नाव काही आठवड्यांत परत आलं.
– सेवेने खातं बंद केलं. तीच यादी घेऊन दुसऱ्या सेवेत नवं खातं उघडू नका, तिथेही ते बंद होईल आणि डोमेनचं नाव आणखी खराब होईल.
– यादी कोणाच्या हाती गेल्याची शंका आहे. हे क्लायंटला त्याच दिवशी सांगा. कायदेशीर नोटीस आली असेल तर वकील हवा, तंत्रज्ञ नाही.

जाणकार म्हणजे मेल सर्व्हर आणि डीएनएस सांभाळणारा सिस्टिम ॲडमिन. वेबसाइटचं डिझाइन करणाऱ्याला हे येतंच असं नाही. त्याच्याकडे जाताना चार गोष्टी न्या: 'शो ओरिजिनल' ची पूर्ण प्रत, बाउन्सचा अहवाल, डीएनएसच्या नोंदींचा कागद, आणि शेवटची फाइल कधी, कुठून चढवली त्याची नोंद. याने त्याचे तास आणि क्लायंटचे पैसे दोन्ही वाचतात. 'शंभर टक्के इनबॉक्स' ची हमी देणाऱ्याला काम देऊ नका. ती हमी कोणीच देऊ शकत नाही, कारण निर्णय मेल स्वीकारणाऱ्या सेवेच्या हातात असतो.

दुरुस्तीनंतर डीएनएसचे बदल काही तासांत दिसतात, कधी दोन दिवस लागतात. मेल सेवांच्या नजरेत डोमेनची पत सुधारायला मात्र आठवडे जातात. पहिले दोन आठवडे फक्त गेल्या तीन महिन्यांत क्लिक केलेल्यांना किंवा ऑर्डर दिलेल्यांना पाठवा. तिसऱ्या आठवड्यात वर्षभरातले मिळवा. प्रत्येक वेळी पाचही चाचणी पत्ते उघडून बघा आणि निकाल तारखेसह लिहा. चौथ्या आठवड्यातही जीमेलच्या दोन्ही पत्त्यांवर मेल स्पॅममध्येच असेल, तर तिसऱ्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा, आणि या खेपेला डोमेनचं नाव अक्षर न् अक्षर वाचा.